पुलापासून घरापर्यंत

फस्स... मग झडपेचा बारीक 'टक'... आणि मग रबराचं हळूहळू पुन्हा भरून येणं, ज्याला आवाज असा नसतोच, हवेची एक सावध सळसळ तेवढी असते. आजही वर्गात कोणी कविता वाचताना ओळीच्या मध्ये श्वासासाठी थांबलं, की माझं लक्ष कवितेवरून उडून त्या थांब्यावर जाऊन बसतं. त्यापुढचा श्वास येईपर्यंत मी डेस्कची कड घट्ट धरून उभी असते.

मी लातूरला एका महाविद्यालयात मराठी शिकवते. छंद, वृत्त, यती म्हणजे ओळीतला थांबा, हा माझा रोजचा व्यवहार. आमच्या घरात अमावास्येला कधी नारळ फुटला नाही, दाराला लिंबू बांधलं गेलं नाही. कोणाच्या अंगात आलं असं ऐकलं, तर वडील त्या बाईला आधी पाणी द्यायला सांगत आणि मग पंखा लावायला. मीही तशीच घडले. या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी वाचत आले ते भाषेसाठी. घाबरलेली माणसं किती साधं लिहितात, याचं मला कौतुक वाटायचं. आज मी स्वतः लिहायला बसले आहे, कारण माझ्या अनुभवात भीती वाटण्यासारखं भूत नाही, पण एक मुलगी आहे, जिच्यावर माणूस मारल्याचा आरोप आला. आणि तो माणूस जिथे गेला असं म्हणतात, तिथे तिच्यासमोर बसलेली मी एकटीच होते.

तो माणूस म्हणजे माझे माधवमामा.

देगलूरच्या अलीकडे आमचं आजोळ. मामा शेती करत आणि गावच्या भजनात पेटी वाजवत. त्यांची पेटी उघडली की आधी डांबरगोळ्यांचा वास यायचा, मग जुन्या लाकडाचा. लोक त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत, कारण सूर तिथून निघत. मी मात्र पेटीच्या मागे लवंडून डाव्या हाताकडे पाहायची, भात्याकडे. मामांचा भाता इतरांसारखा एकसारखा चालत नसे. एक लांब ओढ, दोन आखूड, आणि मग एक थांबा... तो थांबा इतका मोठा, की आता सूर तुटणार असं वाटून मी पेटीची कड घट्ट धरी. तुटत कधी नसे. वृत्त म्हणजे काय हे मला कॉलेजात शिकवलं गेलं, पण कळलं होतं ते तिथेच, त्या पेटीच्या पाठीला कान लावून.

मागच्या हिवाळ्यात मामांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. माझा मामेभाऊ बालाजी त्यांना नांदेडला एका खाजगी दवाखान्यात घेऊन आला. मी लातूरहून पोचले तेव्हा मामा व्हेंटिलेटरवर होते. डावं अंग पहिल्याच झटक्यात गेलं होतं, आणि नंतर उजवंही मालवत गेलं. आयसीयूत दिवसपाळीला सुजाता नावाची सिस्टर होती. नायगावची, पंचविशीतली, बोलायला मोकळी. ती मामांचा डावा हात उचलून उशीवर ठेवायची तेव्हा आधी त्यांना सांगायची, "मामा, हात हलवू लागले हं." मी एकदा म्हणाले की त्यांना ऐकू येत नसेल. तर म्हणाली, "नसंल येत. पर न सांगता कोणाच्या अंगाला हात लावावा का?"

डॉक्टरांनी एके दिवशी आम्हाला बाजूला बसवून स्पष्ट सांगितलं. मशीन आहे म्हणून श्वास आहे. मशीनवर किती ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

आमच्या भागात अशा वेळी काय करतात, हे नांदेड-लातूरच्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. माणूस घराबाहेर गेला तर त्याला पुन्हा घरात घेत नाहीत. अंगणातच ठेवतात, तिथूनच उचलतात. ज्याने घर बांधलं त्याला उंबऱ्याच्या आत येता येत नाही. म्हणून दवाखान्याने हात टेकले की नातेवाईक सुट्टी मागतात. घशातली नळी तशीच ठेवायची, मशीनऐवजी नळीला अंबू बॅग लावायची, आणि हाताने ती दाबत दाबत माणसाला घरापर्यंत न्यायचं. त्या बॅगेला सगळे फुगाच म्हणतात. सोबत एक सिस्टर येते. घरात नेऊन, तोंडात गंगेचं पाणी घालून झालं, म्हणजे आमच्या गोदावरीचंच, की ती फुगा थांबवते आणि नळी काढते. कायद्यात हे कुठे बसतं मला माहीत नाही. पण अशा किती गाड्या या रस्त्यांनी रोज जातात, ते रस्त्यांनाच ठाऊक.

मामी आदल्या दिवशीच गावी जाऊन माजघर सारवून बसल्या होत्या. निघताना बालाजी सुजाताला एवढंच म्हणाला, "सिस्टर, काही करा, पर बापाला आत न्या."

दुपारची वेळ होती. ॲम्ब्युलन्समध्ये बालाजी पुढे ड्रायव्हरशेजारी. मागे स्ट्रेचरवर मामा, त्यांच्या डोक्याशी सुजाता, पायाशी मी. पुढची आणि मागची बाजू यांच्यामध्ये एक लहानशी काच. सुजाता फुगा दाबत होती, अगदी समान अंतराने, ओठांतल्या ओठांत मोजत. गाडी नांदेडबाहेर पडल्यावर तिने मला तो दाबायला शिकवला. लांबच्या वाटेत एकट्या सिस्टरचे हात भरून येतात, नातेवाइकांना आलटून पालटून घ्यावाच लागतो. म्हणाली, "दाबायची घाई करू नका ताई. सोडायला टाईम द्या. श्वास सोडायलाच जास्त टाईम लागतो." मी नायगावपर्यंत दाबला. तळहाताखाली ते कोमट रबर, त्याला स्पिरिटचा आणि माझ्याच घामाचा वास. दुसऱ्याचा श्वास हातात असणं म्हणजे काय, याला माझ्याकडे उपमा नाही. मग तो सुजाताने परत घेतला आणि मी मामांच्या पायाशी येऊन बसले. पाय गार पडायला लागले होते. मी दोन्ही हातांनी ते धरून ठेवले.

नरसी मागे पडल्यावर पुढे एका ठिकाणी ओढ्यावर जुना पूल लागतो. रस्ता उखडलेला होता, गाडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. खिडकीच्या फटीतून तुरीच्या फुलोऱ्याचा वास आत आला, मधाळ आणि थोडा धुळकट. मी बाहेर पाहिलं. लहानपणी एसटीतून येताना हा पूल आला की मामा डोळे मिटूनच म्हणायचे, आलं आता गाव.

मान वळवून पाहिलं तर सुजाता नॅपकिनने हात पुसत होती.

दोन्ही हात. मांडीवर. आणि माझ्याकडे पाहून हसत होती, बसमध्ये कोणी आपली पिशवी धरली की आपण हसतो तसं. मग तिची नजर खाली आली, माझ्या हातांवर. ते मामांच्या पायांवर होते. तिचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्याच्या आतून काहीतरी निघून गेलं.

आम्ही दोघींनी एकाच वेळी फुग्याकडे पाहिलं.

तो मामांच्या छातीच्या वरच्या बाजूला, चादरीवर टेकलेला होता. त्याला कोणी हात लावलेला नव्हता. आणि तो दबला. मधोमध, बोटं रुतावीत तसा दबला. फस्स... टक. भरून आला. पुन्हा दबला. मामांची छाती उचलली गेली, खाली बसली. मी गाडीच्या हादऱ्यांवर ढकलायचा प्रयत्न केला, त्या क्षणीही केला. पण हादऱ्यांना ताल नसतो. इथे होता. एक लांब... दोन आखूड... आणि मग थांबा. इतका मोठा, की मी मामांचे पाय घट्ट धरले.

मग पुन्हा एक लांब.

तेवढ्यात पुढच्या काचेवर थाप पडली. बालाजीने मागे वळून पाहिलं होतं. काच उंचावर, तिच्यातून त्याला सुजाताचे खांदे दिसत होते आणि मांडीवरचे मोकळे हात. चादरीवर टेकलेला फुगा काचेच्या कडेखाली होता. तो ओरडला, सिस्टर, थांबल्या कशाला? सुजाताने चटकन दोन्ही हात फुग्यावर ठेवले. नुसते ठेवले. निजलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसे. घरापर्यंत तिने ते उचलले नाहीत आणि एकदाही दाबले नाहीत. मी समोर बसून पाहत होते. तिच्या बोटांखाली तो आपला आपण चालला होता, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायला हात मोकळे नव्हते.

मामांना उंबऱ्याच्या आत नेलं. सारवलेल्या जमिनीचा ओला वास, तुळशीचा वास. मामींनी चमच्याने पाणी ओठांशी लावलं. फुगा एकदा दबला. लांब. नंतरचे दोन आखूड आलेच नाहीत. सुजाताने थोडा वेळ वाट पाहिली, मग मामांना सांगितलं, "मामा, नळी काढते हं."

मी कोणालाच काही बोलले नाही. दुःखात, जागरणात माणसाला काय काय दिसतं, असं स्वतःला समजावलं. सुजाता त्याच गाडीने परत गेली.

पुढचं वाईट नंतर सुरू झालं. त्याच दवाखान्याबद्दल मोबाईलवर एक व्हिडिओ फिरू लागला. कोण्या दुसऱ्याच गावचा माणूस रडून सांगत होता की आयसीयूतल्या खाटा रिकाम्या करायला डॉक्टर आणि सिस्टर मिळून पेशंट संपवतात, घरी न्यायच्या नावाखाली वाटेतच फुगा सोडतात. बघता बघता आणखी लोक बोलू लागले. ज्यांनी स्वतः सुट्टी मागितली होती, तेसुद्धा. आपण नेलं, यापेक्षा त्यांनी मारलं हे मनाला सोसायला सोपं जात असावं. दवाखान्यावर जमाव गेला, काचा फुटल्या. सुजाताचा फोटो 'हीच ती' असं लिहून फिरला. मग तिचं आडनाव फिरलं, आणि आडनावावरून जे काय समजून घ्यायची आपल्याकडे सवय आहे, तेही लोकांनी समजून घेतलं.

बालाजीने पोलिसांत तक्रार दिली. त्याचं नाव साक्षीदारांत सगळ्यात वर होतं, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याचा मला फोन आला. रागाने बोलेल असं वाटलं होतं, पण आवाज अगदी बसलेला होता. "ताई, तू मागं व्हतीस. तिचे हात मोकळे व्हते का न्हाई, एवढंच सांग. मला केस-बिस काही कळत न्हाई. माझा बाप पुलावर मेला का घरात मेला, एवढंच मला पायजे. पुलावर मेला आसंल तर आम्ही मढं आत नेलंय. आईनं मढ्याच्या तोंडात पाणी घातलंय. तिला काय सांगू मी?"

नंतर सांगते म्हणून मी फोन ठेवला. हात मोकळे होते, हे खरं होतं. मामा घरात गेले, हेही खरं होतं. यातलं एकच सांगितलं तर ती मुलगी तुरुंगात जाणार किंवा मी खोटी ठरणार. दोन्ही सांगितलं तर मला वेड लागलंय असं म्हणून माझा जबाब बाजूला ठेवतील, आणि मग उरेल ते बालाजीने काचेतून पाहिलेलंच. त्या आठवड्यात मला अन्नाचा वास सहन होईना. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ जी फुसफुसते, तिच्यातही मला लांब-आखूड ऐकू येऊ लागलं. वर्गात एक वृत्त फळ्यावर मांडता मांडता माझा हात थांबला, आणि मुलींनी मला पाणी आणून दिलं.

शेवटी मी ठरवलं की जे पाहिलं ते पाहिलं तसंच सांगायचं. बाकी माझ्या हातात नाही.

पोलिसांत माझा जबाब घेणारे साहेब शांत होते. त्यांनी विचारलं, सिस्टरचे हात बॅगेवर होते का? मी म्हणाले, पुलापासून थोडा वेळ नव्हते. म्हणजे बॅग बंद पडली होती? मी म्हणाले, नाही, चालू होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग तुम्ही दाबत होतात का? नाही, माझे हात मामांच्या पायांवर होते.

"मॅडम, तुम्ही कॉलेजात शिकवता," ते म्हणाले, "अन् हे काय सांगून राहिल्या? दोन्हीपैकी एक काहीतरी सांगा."

मी म्हणाले, माझ्याकडे एक नाहीच. दोन्ही आहेत. दारातल्या शिपायाने मान फिरवून भिंतीकडे केली, हसू दाबायला असेल किंवा आणखी कशाला. मग साहेबांनी लिहून घेतलं ते असं, की बॅग घरापर्यंत चालू असल्याचं साक्षीदार ठामपणे सांगते. मी त्याखाली सही केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

नंतर डॉक्टरांची एक समिती बसली. दवाखान्याने मुद्दाम कोणाला मारलं, असं काही तिला आढळलं नाही. ओरड हळूहळू निवली. माफी कोणी मागितली नाही. बालाजीने तक्रार मागे घेतली ती समितीमुळेही नाही आणि माझ्यामुळेही नाही. मामींमुळे. त्या त्याला एवढंच म्हणाल्या होत्या, "पाणी घातलं तवा तुझ्या बापानं दम घेतला. म्या बघितलं. मढं पेत आसतं का, बाळ्या?" बालाजी त्यानंतर मला भेटला. माझ्या पिशवीत शेतातल्या तुरीच्या ओल्या शेंगा भरल्या, आणि पिशवीचं तोंड पुन्हा पुन्हा बांधत राहिला.

सुजाताला मात्र नांदेड सोडावं लागलं. ती कुठे गेली, हे मला ठाऊक नव्हतं.

या उन्हाळ्यात आईचा मोतीबिंदू काढायला मी तिला लातूरच्याच एका डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दुपारची शांतता, फरशीला फिनाईलचा वास. आईच्या डोळ्यात थेंब घालायला जी सिस्टर आली, ती आधी म्हणाली, "आजी, थेंब घालते हं, गार लागंल." मी आवाजावरूनच ओळखलं. ती वाळली होती. तिने मला पाहिलं, आणि तरीही थेंब बरोबर डोळ्यातच पडला.

आईला आत नेल्यावर ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसली. मी विचारलं, इथे बरं आहे का? म्हणाली, "लई बरं. इथं कोणी मरत न्हाई, ताई. जास्तीत जास्त चष्मा लागतो." आम्ही दोघी हसलो, आणि हसणं संपल्यावर दोघींनाही कळलं की आता ते बोलावं लागणार.

मी तिला विचारलं, तू पोलिसांना काय सांगितलं होतंस? ती म्हणाली, काहीच नाही. हात का काढले, याचं उत्तर तिने शेवटपर्यंत दिलं नव्हतं. त्यासाठी तिला चार-चार तास बसवून ठेवलं, तिच्या आईला नायगावहून बोलावून घेतलं, तरी नाही.

का नाही सांगितलंस?

तिने कोपरापासून मनगटापर्यंत स्वतःचा हात चोळला. "सांगितलं आसतं तर तुमच्यावर आलं आसतं. ताई, मी फुगा सोडला न्हाई. माझ्याकडून घेतला. माझे हात भरून आलते. तेवढ्यात बाजूनं एक हात आला, माझी बोटं हळूच सोडवली, अन् फुगा घेतला. मला वाटलं, तुम्हीच. म्हणून तर मी तुमच्याकडं बघून हसले. हेच सायबाला सांगितलं आसतं तर ते म्हणाले आसते, मग बाईनंच सोडला."

माझ्यासाठी ती खुनी ठरायला तयार झाली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. मी ती बारीक अक्षरं उगीचच वाचत राहिले. या सगळ्याचा अर्थ लावायचा मी तेव्हापासून प्रयत्न केला आहे. झडप अडकली असेल, ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या दाबाने बॅग हलली असेल, दोघींनाही एकाच वेळी भास झाला असेल. एका ओळखीच्या डॉक्टरांना मी नाव न सांगता विचारलंही. ते म्हणाले, ती बॅग आपणहून फुगते, आपणहून दबत नाही. माझ्याकडे आजही कुठलंच स्पष्टीकरण नाही, आणि ते नसताना जगायची मला अजून सवय झालेली नाही.

मामा पेटी वाजवत हे सुजाताला मी कधी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी ते आयसीयूतले एक पेशंट होते, ज्यांचा एक हात ती रोज सांगून उशीवर ठेवायची. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारायला घाबरत होते. आतून आईला बाहेर आणत असल्याचा आवाज आला, व्हीलचेअरची चाकं कुरकुरली. सुजाता उठायला लागली. मी तिचं मनगट धरलं आणि विचारलं, तो हात कोणता होता, उजवा की डावा?

ती पुन्हा बाकावर टेकली. मांडीवर आपले दोन्ही हात उलगडून धरले, त्यांतला एक हळूच मिटला, लांब, मग दोनदा आखूड, आणि थांबली. मग म्हणाली,

"डावा."